रंगमंचाकडे पाठ करून

उरकुडाजी लंजे यांनी अनेक वर्षे नाटकाची जागा तयार केली आणि एकही नाटक पाहिले नाही. नाटक दरवर्षी त्यांच्याच शेतात होत असे. गावाला वाटे, हा माणूस नाही तर नाटक नाही. तरी प्रयोग सुरू झाला की ते शेवटच्या रांगेत जाऊन घोंगडी पांघरत आणि रंगमंचाकडे पाठ करून बसत. पडदा पडेपर्यंत हलत नसत.

त्यांचे गाव पळसटोला, अर्जुनी मोरगावपासून बैलगाडीने दोन तासांवर. आता तो भाग गोंदिया जिल्ह्यात येतो, तेव्हा भंडाऱ्यात होता. मी नागपूरच्या एका दैनिकाचा गोंदियातला बातमीदार होतो. दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी लेकी-जावई आणि पाहुणे येतात, बाजार लागतो आणि नाटक होते. १९४९ साली मी पळसटोल्याच्या मंडईची बातमी घ्यायला पहिल्यांदा गेलो. शेवटच्या रांगेतला पाठमोरा माणूस पाहून मला बहिष्काराचा वास आला. बातमीदाराला असे वास लवकर येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना गाठले.

"काल काही बिनसलं होतं का?"

"कायचं बिनसन?"

"पाठ करून बसला होता."

"पाहाचं काम तुमचं. मी ऐकून राहिलो होतो."

"ऐकायला पाठ कशाला करायची?"

त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिले. "डोरे उघडे राह्यले का मानूस तोंड पाहून समजून घेते. मंग त्याले वाटते, ऐकू आलं. मागच्या रांगेत म्हातारे बसतेत जी. त्याइले येवढ्या दुरून तोंड कुठी दिसते? त्याइले आलं का नाही, थे मले पाहाचं राह्यते."

बातमी गेली, त्या वाक्यासाठी मात्र जागा नव्हती. मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, आणि मग जातच राहिलो.

त्यांच्या कामाची पद्धत सांगितली पाहिजे, कारण आता ती कोणी करत नाही. झाडीपट्टीत, म्हणजे धानाच्या आणि जंगलाच्या त्या मुलखात, नाटकाला थिएटर नव्हते. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी वेढलेल्या धानाच्या एका तुकड्यात, खड्डा खणून प्रेक्षकांची जागा करत. रंगमंचाजवळ खड्डा सर्वांत खोल. तिथून मागे तो पायरीपायरीने चढत जाई आणि शेवटच्या रांगेशी जमिनीला मिळे. निघालेली निम्मी माती पुढे टाकून रंगमंचाचा ओटा बांधत. उरलेली निम्मी मागे, शेवटच्या रांगेच्या पाठीशी, अर्धगोल रचून तिची पाळ करत, माणसाच्या छातीएवढी. पाळीवर तणसाचे, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाचे, पेंढे लावत. नाटक संपले की आठ दिवसांत सगळी माती परत जागेवर जाई आणि बांधी पूर्ववत होई. दरवर्षी नवे थिएटर, दरवर्षी त्याचे पुन्हा शेत.

उरकुडाजी जातीने कोहळी. त्या मुलखातले जुने तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधलेले, आणि उतार व पाळ या दोन गोष्टी त्यांना घरात शिकायला मिळाल्या होत्या. त्यांचे एक वाक्य गावात म्हणीसारखे चाले: "पान्याले पाळ लागते, आवाजालेबी लागते. पाळ नसन तर दोनीबी वाहून जातेत." मंडईच्या दिवसांत वारा उत्तरेकडून येतो. त्यांची पाळ उत्तरेला असे. वारा अडे, आतला आवाज आत राही. ध्वनिक्षेपक नव्हता. गॅसबत्त्यांच्या उजेडात नट साध्या आवाजात बोलत आणि ते मागेपर्यंत जाई. हे मी स्वतः शेवटच्या रांगेत बसून ताडून पाहिले होते.

कानाचा हा व्यवहार त्यांचा एरवीही चाले. बोलताना ते समोरच्याकडे क्वचित पाहत. मान वळवून कान पुढे करत. नव्या माणसाला ते उर्मट वाटे. एका पावसाळ्यात गावच्या तलावाची पाळ कुठेतरी झिरपत होती आणि जागा सापडत नव्हती. ते पाळीवर पालथे पडून कान लावत चालले. एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "येथी खांदा." खणल्यावर दोन हातांवर खेकड्याचे बीळ निघाले.

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी ते खड्ड्याची परीक्षा घेत. स्वतः शेवटच्या रांगेत पाठ करून बसत आणि कोणालातरी ओट्यावर उभे करत. अट एकच: नाटकातले बोलायचे नाही, घरी बोलतो तसे बोलायचे. एका वर्षी राजाचे काम मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, पुतण्याकडे होते. त्याने छाती फुगवून आरोळी ठोकली.

"थांब," उरकुडाजी वळले नाहीत. "राजा हायस का नांगर हाकून राहिलास?"

"मागं ऐकू गेलं पाहिजे ना."

"थे माह्यं काम हाय. तू राजासारखा बोल. राजाले ओरडा लागत नाही, लोकं चूप राह्यतेत."

तो पुतण्या पुढे तालुक्यात नावाजलेला नट झाला. आरोळी न ठोकणारा राजा म्हणून त्याला ओळखत. त्याचे श्रेय त्याने नेहमी स्वतःकडे घेतले, आणि उरकुडाजींनी कधी हरकत घेतली नाही.

मालगुजाराचीही एक गोष्ट आहे. त्यांची उंच पाठीची नक्षीदार खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध ठेवायची वहिवाट होती. उरकुडाजींचे म्हणणे, ती पाठ मागच्या वीस माणसांचा आवाज खाते. मालगुजाराला खुर्ची हलवा म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. उरकुडाजींनी खुर्ची हलवली नाही. तिच्यापुरती जमीन दीड हात खोल खणली. मालगुजार येऊन बसले तेव्हा त्यांचे डोके बाजूच्या मांडी घालून बसलेल्या माणसाच्या बरोबरीने आले.

"उरकुडा, हे काय रे? मले विहिरीत बसवलंस."

"मालक, आवाज पहिले खाली पडते. सगळ्यात चांगलं तुमालेच ऐकू येईन."

मालगुजार हसले आणि बसून राहिले. पुढे दोन वर्षांत मालगुजारी कायद्याने गेली. मालगुजारांनी खुर्ची आणणे बंद केले आणि ते तणसावर बसू लागले. दीड हाताचा तो खळगा मात्र उरकुडाजी दरवर्षी खणत. रिकामा राहिला तर राहिला. विचारले तेव्हा म्हणाले, "तालुक्याचा कोनी सायब आला तर?"

त्यांच्या बांधीत ते दरवर्षी हलका धान लावत. हलका धान लवकर निघतो आणि कमी पिकतो. भारी धान चांगला पिकतो, पण तो मंडईच्या वेळी उभा असतो. तलावालगतची ती बांधी घरातली सर्वांत चांगली. त्यांच्या पत्नी भागिरथाबाई हे आल्यागेल्याला सांगत.

"आमच्या या बांधीत नाटक पिकते. बाकीच्या बांध्याइत धान."

"तुम्ही पाहता ना नाटक, काकू?"

"मी पाह्यतो. हे पाह्यत नाहीत. यायनं नाटकाचं तोंड नाही पाह्यलं अन् माह्यंबी नाही. म्या आवाज देल्लो का इकडं कान येते, तोंड येत नाही."

उरकुडाजी ओसरीवर दोरी वळत होते. ते म्हणाले, "तोंड पाह्यलं असतं तर येवढे सालं ऐकून घेतलं असतं का?" भागिरथाबाई मनापासून हसल्या. हा विनोद त्या घरात जुना असावा.

खोदकाम कोण करी, हे मी अजून लिहिलेले नाही. माझ्या त्या वर्षांच्या बातम्यांतही ते नव्हते. खोदकाम गावाच्या दक्षिणेकडच्या वस्तीतले लोक करत. तेव्हा त्या वस्तीला महारवाडा म्हणत, पुढे वस्तीने ते नाव टाकले. घरटी एक माणूस, पाच दिवस. पूर्वापार चालत आलेले म्हणून कोणी त्याला वेठ म्हणत नसे. त्यांचा मुकादम आसाराम शहारे. पावसाळा सरला की तो विड्या वळत असे आणि कारखान्यात कोणीतरी मोठ्याने वाचलेले वर्तमानपत्र घरी येऊन तोंडपाठ सांगत असे. उरकुडाजींच्या खुंट्या कुठे जाणार, हे त्याला त्यांनी सांगण्याआधी कळे. दोघे दिवसभर शब्द न बोलता काम करत. नाटकाच्या वेळी आसाराम आणि त्याची माणसे पाळीच्या मागे उभी राहत. खड्ड्यात उतरण्याची त्यांना वहिवाट नव्हती.

१९५६ साली दसऱ्याला नागपुरात दीक्षेचा सोहळा झाला. पळसटोल्याची ती वस्ती नॅरोगेजच्या छोट्या गाडीने गोंदियाला आणि तिथून नागपूरला जाऊन आली. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. त्याच सुमाराला आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. मी त्या बातम्यांच्या धांदलीत होतो, आणि एका राजकीय बैठकीसाठी अर्जुनीला आलो असताना सकाळीच पळसटोल्याला गेलो. उरकुडाजी कापलेल्या बांधीत खुंट्या ठोकून उभे होते. बांधीत दुसरे कोणी नव्हते.

थोड्या वेळाने आसाराम आला. त्याच्या हातात कुदळ नव्हती. धुऱ्यावरच थांबून त्याने नमस्कार केला. पूर्वी तो वाकून जोहार करत असे.

"उरकुडाजी, आमी अवंदा खोदून नाही राहिलो. सांगाले आलो. तुमी वाट पाहान म्हणून."

बापू नाही, मालक नाही, उरकुडाजी. त्यांनी ते ऐकले असावे, पण चेहऱ्यावर काही दिसले नाही.

"काऊन?"

"वेठीचं काम सोडलं आमी. सगळं."

"हे गावचं काम होय आसाराम. नाटकाचं होय. तूबी पाह्यतेसच ना नाटक."

"पाह्यतो. ऐकत नाही."

"म्हंजे?"

"तुमच्या पाळीच्या मागं ऐकू येत नाही. सोळा सालं झाले, मी राजाचं तोंड हालतांना पाह्यतो. तो का बोलते, मले ठावं नाही."

उरकुडाजींचा आवाज प्रथमच चढला. "माह्या खड्ड्यात शेवटच्या रांगेले ऐकू नाही आलं, असं आजपर्यंत कोनी नाही म्हनलं."

"शेवटची रांग कोनती जी?" आसाराम शांतपणे म्हणाला. "तुमी बसता थे? तिच्या मागं आमी असतो."

तो गेला. उरकुडाजी एकेक खुंटी हलवून पाहू लागले. मला माझे वेगळे काही आठवत होते. दरवर्षी मी रांगा मोजून उपस्थितीचा आकडा लिहीत असे. शेवटची रांग मीही तीच धरत होतो.

त्या वर्षी खड्डा गावातल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी कसाबसा खणला. उथळ झाला. पाळ मात्र उरकुडाजींनी नेहमीसारखी घातली. नाटक सुरू झाले आणि शेवटच्या रांगेत ते दिसले नाहीत. मी उठून शोधले. ते पाळीच्या मागे, बाहेर, रंगमंचाकडे पाठ करून बसले होते. तिथे दुसरे कोणी नव्हते, वस्तीतले लोक आलेच नव्हते. वारा सरळ अंगावर येत होता. मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो. पाळीवरून रंगमंच स्वच्छ दिसत होता. राजाचे तोंड हलत होते. तणसाच्या सळसळीखेरीज काही ऐकू येत नव्हते.

एक अंक होईपर्यंत ते तसेच बसले, मग घोंगडी झटकून घरी गेले.

सकाळी ते एवढेच म्हणाले, "आसाराम खरं बोलला. पाळ चांगली होती. तिच्याच्यानं तर झालं."

हा माणूस त्या दिवसानंतर बदलला, असे लिहिणे सोपे आहे. तो बदलला नाही. त्याने चूक उताराची आणि पाळीची मानली, आणि उतार-पाळीनेच ती दुरुस्त करायला घेतली. पुढच्या वर्षी त्यांनी खुंट्या वीस हात मागे ठोकल्या. पाळ जिथे होती तिथे पाच नव्या रांगा आखल्या आणि पाळ त्यांच्या मागे नेली. त्यासाठी बांधीचा धुरा फोडावा लागला. गावची बैठक बसली. कोणी म्हणाले, धुरा फुटला तर पाणी ठरणार नाही. कोणी म्हणाले, पाहुण्यांना थंडी वाजेल. खरे कारण कोणी बोलले नाही.

"तुमाले पाळीतलं समजते का?" उरकुडाजींनी विचारले. "मी कोहळी होय. पाळ कुठी बांधाची अन् कुठी फोडाची, थे माह्यावर सोडा."

बैठक उठली. त्यांनी मजूर लावून खड्डा करून घेतला आणि स्वतः वस्तीत गेले. आसाराम अंगणात विड्या वळत होता. त्याने बसायला घोंगडी टाकली. मी सोबत होतो.

"रांगा केल्या हायत," उरकुडाजी म्हणाले. "पाळीच्या आत. ऐकू येईन, मी पाह्यलो. तुमी या."

आसारामने हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला, सुपात ठेवली. "या पाच रांगा कोनासाठी केल्या?"

"तुमच्यासाठी."

"म्हंजे त्या आमच्या रांगा. तुमच्या रांगा संपल्यावर." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हिशोब समजावून सांगावा तसा तो बोलला. "तुमी मानूस चांगले हा जी. पन तुमी पाळ सरकवली. काढली नाही."

उरकुडाजींनी मान वळवून कान त्याच्याकडे केला होता. ऐकू सगळे आले. परत येताना ते वाटेत फक्त म्हणाले, "पाळ काढली तर आवाज राह्यत नाही." काही पावलांवर पुन्हा म्हणाले, "पन तो आवाजाचं नोहता बोलून राहिला."

त्या पाच रांगा रिकाम्या राहिल्या. पाहुण्यांनी तिथे बैल बांधले. मी बातमीत लिहिले की नाटक नेहमीप्रमाणे शांततेत पार पडले. वाक्य खरे होते.

त्यानंतरच्या वर्षी गावात ध्वनिक्षेपक आला. गोंदियाच्या एका मंडपवाल्याने दोन भोंगे खांबाला बांधले, आणि खड्ड्याची गरज उरली नाही. नाटक शाळेपुढच्या सपाट मैदानात झाले. आवाज गावाबाहेरच्या तलावापर्यंत ऐकू आला. उरकुडाजी तिथे गेले, सर्वांत मागे पाठ करून बसले आणि थोड्याच वेळात उठले. "मानूस पुढं बोलते अन् आवाज झाडावरून येते," म्हणाले. "ऐकू आलं. कोन बोलला थे नाही समजलं."

पुढच्या पावसाळ्यात भागिरथाबाईंनी विचारले की आता बांधीत भारी धान लावायचा ना. ते हलकाच लावतो म्हणाले. बाईंनी कारण विचारले नाही. मला मात्र सांगितले, "सवय हाय त्याइची. बांधीलेबी सवय हाय."

शेवटचे मी त्यांना पाहिले ते १९५९च्या दिवाळीनंतर. माझी बदली नागपूरच्या कचेरीत झाली होती आणि निरोप घ्यायला मी पळसटोल्याला गेलो होतो. ते घरी नव्हते. भागिरथाबाई म्हणाल्या, "वस्तीत गेले हायत. आसाराम आला होता बलवाले. त्याइचं नाटक हाय."

वस्तीच्या पलीकडे पडीक जमिनीत तरण्या पोरांनी एक खड्डा खणला होता. भोंगा भाड्याने आणण्याइतकी ऐपत नव्हती, आणि आवाज मागे जात नव्हता. आसारामने त्यांना बोलावताना काय म्हटले, ते मला नंतर त्यानेच सांगितले: "वेठ नाही, बलावनं हाय. नाही आले तरी राग नाही." ते खुंट्यांची पिशवी घेऊन लगेच निघाले होते.

मी पोचलो तेव्हा दुपार होती. उतार नीट करून झाला होता. उरकुडाजी सर्वांत मागे, रंगमंचाकडे पाठ करून बसले होते. मागे पाळ नव्हती. पाळीसाठी चार खुंट्या तेवढ्या रोवलेल्या. ओट्यावर आसाराम उभा होता. नाटक गावाचेच जुने होते, मालगुजाराच्या वडिलांच्या वेळेपासून दरवर्षी मंडईला होणारे: खोट्या संशयावरून राजा एकनिष्ठ सेनापतीला हद्दपार करतो. आसाराम सेनापती होता. नाटकातले बोलायचे नाही ही अट या वेळी कोणी पाळलेली दिसली नाही. तो साध्या आवाजात म्हणाला:

"हे घ्या तुमचे जोडे. तुमच्या राज्यात घातले, तुमच्या हद्दीत ठेवून चाललो. पाय माह्ये होय, थे नेतो."

उरकुडाजींनी हात वर केला. "थांब. हे या नाटकात नाही. सेनापती येथी मोठं भाषण करते. प्रान गेला तरी राजाचाच राहीन म्हनते. मले पाठ हाय."

"आमाले नाही ना जी," आसाराम ओट्यावरून म्हणाला. "तुमचं भाषण आमाले ऐकू कुठी आलं? आमी पाह्यलं का सेनापती खाली वाकते, अन् मंग जाते. तो कायले वाकला असन, यावर वस्तीत दहा सालं वाद झाला. मंग माह्या बापानं सांगतलं, जोडे काढाले वाकला असन. तवापासून असंच हाय."

"वाकते?" उरकुडाजींनी विचारले.

"कोन?"

"सेनापती. वाकते का तो?"

आसारामला क्षणभर समजले नाही. मग त्याच्या लक्षात आले. "पार जमिनीपर्यंत वाकते. तुमाले ठावं नाही?"

उरकुडाजी पाठमोरेच होते, त्यामुळे आसारामला त्यांचा चेहरा दिसला नाही. मी बाजूला उभा होतो, मला दिसला. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. जे भाषण त्यांना पाठ होते त्यात ते कुठेतरी वाकण्याची जागा शोधत असावेत.

"पुन्हा बोल," ते शेवटी म्हणाले. "जोड्याचं."

आसारामने ते वाक्य पुन्हा म्हटले. आवाज न चढवता म्हटले आणि ते मागेपर्यंत नीट आले.

"आलं," उरकुडाजी म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारले, "माह्या मांगं कोनी हाय का?"

मी पाहिले. पाळीसाठी रोवलेल्या खुंट्यांच्या बऱ्याच पलीकडे, बाभळीखाली, तलावावरून परतणाऱ्या दोन ढिवर बाया मासळीच्या टोपल्या उतरवून उभ्या होत्या. त्या ओट्याकडे बघत होत्या.

"दोन बाया आहेत. वाटेवरच्या."

"त्याइले विचारा, जोड्याचं ऐकू आलं का."

मी जाऊन विचारले. धाकटी हसून म्हणाली, "कायचे जोडे? आमी तं तो मानूस उभा दिसला म्हणून थांबलो."

मी ते उरकुडाजींना येऊन सांगितले. त्यांनी मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठले, पहिली खुंटी उपटली आणि बाभळीच्या दिशेने चालू लागले. जाताना पावले मोजत होते. ओट्यावरून उतरून आसाराम दुसरी खुंटी उपटायला आला.